संसाराला पौंडाची अट

इंग्लंडमधले स्थळ सांगून आले की घरात आनंद होतो. मुलगा काय करतो, घर स्वतःचे आहे की भाड्याचे, स्वभाव कसा आहे, अशी सगळी चौकशी होते. पण त्याचा पगार तिथल्या सरकारने ठरविलेल्या आकड्याला पोहोचतो काय, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. लग्न लागते, नवरा पंधरा दिवसांत परत जातो आणि मुलगी कागदपत्रांची फाईल घेऊन माहेर-सासर करीत राहते. शेवटी उत्तर येते, आर्थिक अट पूर्ण होत नाही. लग्न खरे असते, माणसे खरी असतात, प्रेमही खरे असते. कमी पडतो तो फक्त पगार.

ही अट काय आहे, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. ब्रिटिश नागरिकाला किंवा तिथे कायम स्थायिक झालेल्या माणसाला परदेशातून पत्नी वा पती आणायचा असेल, तर त्याचे वार्षिक उत्पन्न ठराविक रकमेएवढे असावे लागते. जुलै २०१२ मध्ये ही रक्कम १८,६०० पौंड होती. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती एकदम २९,००० पौंड करण्यात आली. त्यापूर्वी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन हुजूर पक्षाच्या सरकारने हा आकडा ३८,७०० वर नेण्याची घोषणा केली होती. २०२४ च्या जुलैमध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने ती वाढ थांबविली, पण २९,००० चा आकडा काही खाली आणला नाही.

आता या आकड्याचा अर्थ कष्टकऱ्याच्या भाषेत पाहू. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने प्रौढ कामगारासाठी किमान वेतन ताशी १२.२१ पौंड केले. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा न करता काम केले, तर होतात सुमारे २५,४०० पौंड. म्हणजे त्याच सरकारने कायद्याने ठरवून दिलेली मजुरी पूर्णवेळ कमावणारा माणूस त्याच सरकारच्या विवाहाच्या अटीत बसत नाही! एका हाताने सरकार सांगते, एवढ्या पैशांत तू जगू शकतोस. दुसऱ्या हाताने सांगते, एवढ्या पैशांत तू बायकोला सांभाळू शकत नाहीस. यातले खरे काय? रुग्णालयाची फरशी पुसणारा, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारा, गोदामात रात्रपाळी करणारा माणूस त्या देशाला कामासाठी हवा आहे. त्याचा संसार मात्र नको आहे, असाच याचा अर्थ होतो.

पगार कमी असेल तर बचत दाखवा, असे नियम म्हणतो. ही सवलत कोणासाठी आहे ते हिशेब केल्यावर कळते. बचतीतले पहिले १६,००० पौंड मोजले जात नाहीत. त्यावर, उत्पन्नात जेवढी तूट असेल तिच्या अडीच पट रक्कम असावी लागते. वरच्या किमान वेतनाच्या कामगाराची तूट ३,६०० पौंडांची. तेवढ्यासाठी त्याच्याजवळ २५,००० पौंड बचत पाहिजे. पौंडाचा भाव आज शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे २५ लाखांहून जास्त. उत्पन्न अजिबात नसेल तर ८८,५०० पौंड. तेही सहा महिने खात्यात पडून असले पाहिजेत. अंगावरचे सोने, गावाकडची जमीन अशी कागदावर असून उपयोगी पडत नाही. ज्याच्या घरात पिढीजात पैसा आहे त्याने एक दिवसही काम केले नाही तरी त्याचे लग्न मान्य, आणि जो रोज दहा तास राबतो त्याचे लग्न अडलेले. हा कुठला न्याय?

स्त्रियांवर तर हा नियम दुहेरी मार करतो. ब्रिटनमध्ये राहणारी मुलगी इकडच्या मुलाशी लग्न करते तेव्हा पगार तिचा मोजला जातो. स्त्रियांची कमाई तिथेही पुरुषांपेक्षा सरासरीने कमी आहे आणि लेकरे सांभाळून अर्धवेळ काम करणाऱ्या बहुतांशी स्त्रियाच आहेत. उलट बाजूने, इकडून जाणारी सून इंजिनिअर असो, नर्स असो, प्राध्यापक असो, तिचा भारतातला पगार हिशेबात धरला जात नाही. तिकडे गेल्यावर ती किती कमावील, याचाही विचार होत नाही. अर्जाच्या वेळी ती केवळ एक खाणारे तोंड समजली जाते.

हे काही आजच सुरू झालेले नाही. १९७९ साली हिथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य चाचणी’ करण्यात आली होती. ती बातमी फुटल्यावर जगभर छी-थू झाली आणि तो प्रकार बंद करावा लागला. पुढे लग्नाचा मूळ हेतू ब्रिटनमध्ये येण्याचा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करावे असा नियम होता. त्याचा फटका प्रामुख्याने भारतीय उपखंडातल्या कुटुंबांना बसला. १९९७ मध्ये तो रद्द झाला. आधी शरीर तपासले, मग हेतू तपासला, आता पासबुक तपासतात. तपासणीची जागा बदलली, संशय तोच राहिला.

सरकारचे म्हणणे असे की, येणाऱ्या माणसाचा भार करदात्यावर पडू नये. हे म्हणणे सरसकट फेटाळण्यासारखे नाही. पण जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला सरकारी मदतनिधी घेता येत नाही, तशी अट व्हिसावरच असते. आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड आगाऊ भरून घेतले जातात. एप्रिल २०२५ मध्ये अर्जाची फी १,९३८ पौंड झाली. पहिल्याच अर्जाला दोन्ही मिळून पाच हजार पौंडांच्या वर खर्च येतो. एवढे घेतल्यावर भार कोणाचा कोणावर पडतो?

दुसरे देशही आहेत. अमेरिकेत तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न पुरते, आणि ते नसेल तर दुसरा नातेवाईक किंवा मित्र हमीदार म्हणून उभा राहू शकतो. कॅनडात पती-पत्नीसाठी साधारणपणे किमान उत्पन्नाची अटच नाही. ब्रिटनमध्ये मात्र सासऱ्याने वा भावाने दिलेली हमी एरवी चालत नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट बेकायदेशीर ठरविली नाही; पण मुलांच्या हिताचा आणि इतर मार्गांनी मिळणाऱ्या पैशाचा विचार नियमात पुरेसा नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर अपवादात्मक परिस्थितीची तरतूद झाली. २०२५ च्या जूनमध्ये सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने, २३ ते २५ हजार पौंडांची मर्यादा ठेवली तरी कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहू शकते, असा पर्याय मांडला. म्हणजे २९,००० हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. तो माणसांनी ठरविला आहे आणि माणसांना तो बदलता येतो. तिथे मतदार असलेल्या आपल्या बांधवांनी आपल्या खासदाराला याचा जाब विचारला पाहिजे.

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या घरांनी सावध झाले पाहिजे. स्थळ आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की मुलगा तिथे कोणत्या व्हिसावर आहे. तो कुशल कामगाराच्या व्हिसावर असेल आणि त्या कामाला कुटुंब आणण्याची मुभा असेल, तर पत्नी त्याची अवलंबित म्हणून जाते आणि तिला २९,००० ची ही अट लागत नाही. वृद्धसेवेतील कामगारांना मात्र मार्च २०२४ पासून कुटुंब आणण्याची बंदी झाली, आणि संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता बहुतेक विद्यार्थ्यांनाही जानेवारी २०२४ पासून तीच बंदी आहे. तो नागरिक किंवा कायम स्थायिक असेल तर त्याचा पगार बँकेत जमा होतो की रोखीने मिळतो, ते पाहा. एकाच मालकाकडे सहा महिने नोकरी, त्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, तेवढ्याच महिन्यांचे बँकेचे उतारे आणि मालकाचे पत्र, या चारही गोष्टींचा मेळ बसला पाहिजे. तिथल्या जोडीदाराला अपंगत्वाचा किंवा आजारी माणसाच्या शुश्रूषेचा सरकारी भत्ता मिळत असेल, तर २९,००० च्या ऐवजी सौम्य कसोटी लागते. हे अनेकांना ठाऊकच नसते.

आणि एजंटापासून दूर राहा. ‘चार दिवस पैसे खात्यावर टाकतो, काम झाले की काढून घेतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील. सहा महिन्यांच्या उताऱ्यात ते लपत नाही. खोटा पुरावा सापडला तर दहा वर्षांपर्यंत त्या देशाचे दार बंद होऊ शकते. एजंट आपली फी घेऊन मोकळा होतो, संसार मोडतो तो आपल्या लेकीचा.

लग्न दोन माणसांच्या संमतीने होते, एवढा साधा विचार मान्य व्हायला जगाला फार वेळ लागला. त्या संमतीवर पौंडात किंमत लावण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही. हे ठामपणे म्हटले पाहिजे. आणि म्हणत असताना, आपली मुलगी कोणा परक्या कचेरीच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळणार नाही, याची काळजी लग्नाची तारीख धरण्याआधी घेतली पाहिजे.