मैदान द्या, मग विमानाच्या गोष्टी सांगा

आपल्याकडे विमानं इतिहासात फार उडतात. माझ्या फोनवर दोन प्रकारचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. एका प्रकारात शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं, हा मजकूर नेमाने येतो. दुसऱ्या प्रकारात नवव्या शतकातल्या अंदलुसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधला अब्बास इब्न फिरनास पंख लावून उडाला आणि युरोपने आपलं श्रेय चोरलं, हा मजकूर तेवढ्याच नेमाने येतो. पहिला मजकूर पाठवणारे दुसऱ्यांना हसतात, दुसरे पहिल्यांना हसतात. मी दोघांनाही चांगला ओळखतो. दोघांपैकी एकानेही आजवर आपल्या मुलाला रविवारी सकाळी आमच्याकडे विमान उडवायला पाठवलेलं नाही.

आमच्या तालुक्याच्या गावात मी काही मित्रांसोबत रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा क्लब चालवतो. विमानं आहेत, शिकवणारे आहेत, मुलंही येतात. नाही ते फक्त मैदान. पीक निघालं की कुणाच्या तरी मोकळ्या रानात जातो, पेरणी झाली की तिथून उठतो. हा लेख त्या मैदानाबद्दल आहे. पण आधी त्या दोन मजकुरांचा हिशेब करू.

तळपद्यांच्या उड्डाणाचा भक्कम समकालीन पुरावा आजवर समोर आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला दिला जातो, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिलं. तरीही २०१५ साली मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झालं. आता आपल्या बाजूचं बघा. इब्न फिरनासची हकिगत आपल्यापर्यंत प्रामुख्याने आली ती अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या इतिहासकाराकडून, म्हणजे साडेसातशे वर्षांनंतर. त्या हकिगतीत पुढचा भागही आहे. तो उतरताना आपटला, पाठीला मार बसला, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं आणि त्याने शेपटी लावली नव्हती. बढाईचे मेसेज नेमका हा भाग गाळतात. आमच्या क्लबमधला पहिला धडा तिथूनच सुरू होतो.

मुलगा सनबोर्ड कापून, ग्लू गनने चिकटवून पहिलं विमान करतो. मग पंखाखाली दोन बोटं धरून ते तोललं जातं की नाही ते बघतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर तोल यायला हवा. मागे वजन जास्त झालं तर विमान हातातून सुटताच नाक वर करतं आणि कोसळतं. शेपटी लहान पडली तर डोलत राहतं. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि ते हाताला कळायला काही आठवडे जातात. जीपीएसवर हवेत आपोआप थांबून राहणारा तयार ड्रोन यातलं काहीच शिकवत नाही. इथे चूक केली की विमान पडतं आणि का पडलं ते मुलालाच शोधावं लागतं. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं एक प्रकरण त्याला अशा रीतीने हाताने समजतं. याला खेळ म्हणा, छंद म्हणा, मी शाळा म्हणतो.

आता मैदानाकडे येऊ. आम्ही गेली काही वर्षं वेगवेगळ्या दारांवर एकच अर्ज घेऊन फिरतो: रविवारी सकाळी दोन तास एखादी रिकामी सरकारी जागा वापरू द्या. उत्तर ठरलेलं असतं. "हे बंद आहे." कुणी बंद केलं? "वरून आदेश आहे." दाखवा. मग साहेब मीटिंगला जातात.

वरून आलेला खरा आदेश काय आहे ते सांगतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बिगरसरकारी मानवरहित उड्डाणांवर बंदी घातली होती, हे खरं. पण २०१८ साली ती चौकट बदलली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम आले. त्या नियमांत आमच्यासारख्यांसाठी वेगळी व्याख्याच आहे: २५ किलोपर्यंत वजनाचं, शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, डोळ्यांसमोर उडवलं जाणारं मॉडेल. त्याला टाइप सर्टिफिकेटची सक्ती नाही. २ किलोपर्यंतचं विमान बिगरव्यावसायिक कारणासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. डिजिटल स्काय नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. एखादा भाग तात्पुरता बंद करायचा तर तो अधिकारही पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला, आणि एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांसाठी दिला आहे. म्हणजे कायद्याने बंदीलासुद्धा मुदत घातली. आमच्याकडच्या तोंडी बंदीला मात्र ना तारीख, ना सही, ना शेवट.

"सुरक्षेचा प्रश्न आहे," असं सांगतात. आहेच. रिमोटवर उडणाऱ्या गोष्टींचा गैरवापर होऊ शकतो, हे मी नाकारत नाही. मुंबईत पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरच्या छोट्या विमानांवर बंदीचे आदेश काढतात. ते लेखी असतात, त्यांना मुदत असते. असा आदेश आमच्याकडे निघाला की विमानं घरी राहतील, त्यात वाद नाही. पण सुरक्षा नक्की कशाने वाढते? एकटा माणूस गच्चीवरून काहीतरी उडवतोय, ते कुणाला माहीत नाही, याने? की वीस जणांची नावं वहीत आहेत, वेळ ठरलेली आहे, जागा ठाण्याला कळवलेली आहे, याने? क्लब बंद पाडलात तर उडवणारे थांबत नाहीत, फक्त दिसेनासे होतात.

इथे एक गोष्ट आपल्या लोकांनाही सांगायची आहे. वस्तीतले बुजुर्ग मला बाजूला घेऊन म्हणतात, "बेटा, आपली नावं अशी, त्यात हातात रिमोट. कशाला आफत ओढवून घेतोस?" ही भीती खोटी आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. संशय कुणाच्या दारात आधी येतो हे आपल्याला ठाऊक आहे. पण या सल्ल्याचा अर्थ काय होतो? विमान उडवण्याची अक्कल, तयारी आणि आवड असलेल्या पोराने फक्त नावामुळे मोबाइलवर विमानाचे गेम खेळत बसावं. ही सावधगिरी नाही, ही स्वतःच स्वतःवर घातलेली बंदी आहे. संशयावर उपाय लपणं नव्हे. उघड्या मैदानावर, दिवसाउजेडी, वहीत नाव लिहून, शेजारी उभ्या असलेल्या पाटलाच्या आणि कांबळ्यांच्या पोरासोबत उडवणं हा उपाय आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. फिरता प्रॉपेलर बोट कापतो, लिथियम बॅटरी चुकीची चार्ज केली तर पेटते, दीड किलोचं विमान डोक्यावर पडलं तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच क्लब लागतो. आमच्याकडे उडवणारे एका रेषेच्या मागे उभे राहतात, माणसांवरून विमान न्यायचं नाही, प्रत्येक शिकाऊ मुलाच्या शेजारी एक जाणता, उडवण्याआधी रेंजची तपासणी, सिग्नल तुटला तर मोटर बंद होते की नाही याची तपासणी, आणि बॅटरीच्या चार्जिंगजवळ कायम एक माणूस. यूट्यूब बघून गल्लीत उडवणाऱ्याला हे कोण सांगणार?

तिसरा आक्षेप, हा श्रीमंतांचा चाळा आहे. पहिलं विमान, मोटर, सर्वो, बॅटरी, रिमोट सगळं मिळून एका साध्या मोबाइलच्या किमतीत बसतं. रिमोट क्लबचा वापरला तर खर्च आणखी उतरतो. श्रीमंताला क्लबची गरज नसते, त्याचं फार्महाउस असतं. मैदान गरिबाच्या पोराला लागतं.

सरकारला हे विमानप्रेम परकं आहे असंही नाही. ड्रोन आणि त्याचे सुटे भाग बनवणाऱ्यांसाठी १२० कोटींची प्रोत्साहन योजना आली. 'ड्रोन दीदी'साठी १,२६१ कोटी आणि १५,००० बचत गटांचं लक्ष्य ठरलं. चांगलंच आहे. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, म्हणजे ते इथेच बनले पाहिजेत. पण बनवणार कोण? तो पोरगा आठवीत असताना सनबोर्डचं विमान पाडून-जोडून शिकला नाही, तर कारखान्यात तो फक्त स्क्रू पिळेल. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवतात, पण ती विंग किती तालुक्यांत पोहोचते?

आणि जागा नाही हे कारण तर सांगूच नका. नेत्याचं हेलिकॉप्टर उतरायचं असलं की एका दिवसात मैदान सपाट होतं, पाणी मारलं जातं, चुन्याचा गोल आखला जातो. आपल्या समाजाच्या शिक्षणसंस्थांकडेही मैदानं आहेत. तिथे लग्नाचे मांडव पडतात, जलसे होतात, पोरांना मात्र फाटक बंद.

तेव्हा मागणी साधी आहे. गावोगावी ज्यांना क्लब काढायचा आहे त्यांनी नकाशावर हिरवी जागा शोधावी, त्या नकाशाची प्रत, सभासदांची यादी आणि वेळ लिहून अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. नकार आला तर लेखी मागावा, कोणत्या नियमाखाली ते लिहून मागावं. संस्थाचालकांनी आठवड्यातून दोन तास फाटक उघडावं. आणि तळपदे की इब्न फिरनास, यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी पुढचा मेसेज पाठवण्याआधी आपल्या पोराला एक सनबोर्ड आणून द्यावा.