'द' नावाची मोहरी

शाळेत बाईंनी सांगितलं होतं, नद्यांना 'द' लावायचा, डोंगररांगांना लावायचा, वर्तमानपत्रांना लावायचा. आम्ही पाढ्यांसारखं पाठ केलं. पुढे नोकरीत मॅनेजर म्हणाला, तुम्ही लोक 'द' गाळता, जरा लावत जा. लावायला लागलो! फोडणीत मोहरी टाकावी तसा, अंदाजाने.

मग एका शुक्रवारी क्लायंटने ४० डुप्लिकेट नोंदींची यादी पाठवली. संध्याकाळपर्यंत २७ काढून झाल्या. मी मेल टाकला, 'वी हॅव डिलीटेड द डुप्लिकेट रेकॉर्ड्स', आणि घरी गेलो. 'द' नसता तर निदान 'किती काढल्या?' असं विचारायला जागा होती. 'द'मुळे अर्थ झाला, तुम्ही दिलेल्या त्या, सगळ्याच्या सगळ्या. त्यांनी शनिवारी बिलं पाठवून दिली. १३ गिऱ्हाइकांना दोनदोनदा. सोमवारचा कॉल आठवला की अजून कानशिलं तापतात.

माझं स्पष्ट मत आहे की 'द' याद्या करून शिकवूच नये. 'कुठली गोष्ट ते तुला ठाऊक आहे' असं आपण समोरच्याला सांगत असतो, इतकंच. अनेकवचन असेल तर 'त्यातलं एकही वगळलेलं नाही' हेही. 'आय लाइक डॉग्ज' म्हणजे एकूणच कुत्री. 'द डॉग्ज' म्हटलं की समोरचा विचारणार, कुठली बाबा? (शाळेच्या निबंधातली 'द काऊ' मात्र अमुक एक गाय नसते, अख्खी जात असते. इंग्रजीचं हे असंच.)

आणि गंमत म्हणजे हा फरक आपण रोज करतो. 'मुलगी बघायला गेलो' म्हणजे कांदेपोहे. 'मुलीला बघायला गेलो' म्हणजे ती ओळखीची, ठरावीक मुलगी, बहुधा आजारी. 'डॉक्टर शोधतोय' आणि 'डॉक्टरांना शोधतोय' हेही तसंच. निर्जीव वस्तूंना हा 'ला' सहसा लागत नाही, तिथे आपण 'तो', 'ती', 'त्या' वापरतो. मराठीत मेल लिहायचा असता तर 'त्या नोंदी काढल्या' असं लिहिताना १३ राहिल्यात हे लगेच टोचलं असतं. इंग्रजीत टोचलं नाही, कारण तिथे मी मोहरी टाकत होतो.

आता सवय लागलीय. परवा आईने फोनवर विचारलं, "भाजी आणलीस का?" मी म्हटलं, "भाजी की ती भाजी?"

उत्तर इथे देत नाही :)