निवेदकाचा खोटेपणा पडद्यावर पकडा



गुन्हेगारच आपली गोष्ट सांगतो, गोड बोलतो आणि प्रेक्षक त्याच्याकडे ओढला जातो, असे चित्रपट नकोतच, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. माणूस कसा फसतो हे दाखवायला याहून चांगली रीत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आपले दिग्दर्शक त्या निवेदकाला खोटे बोलताना पकडतच नाहीत.

अनेक खुनांसाठी कुख्यात असलेल्या चार्ल्स शोभराजचेच घ्या. पत्रकार रिचर्ड नेव्हिल यांच्यापुढे त्याने खुनांची कबुली दिली आणि पुढे ती नाकारली. मार्च १९८६ मध्ये वाढदिवसाच्या निमित्ताने गुंगीची मिठाई वाटून तो तिहार तुरुंगातून पळाला. एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ हॉटेलात धरले. त्या हॉटेलात पुढे शोभराजचाच पुतळा बसला! त्याची कबुली आणि त्याचा नकार समोरासमोर ठेवले, तरी केवढा चित्रपट होईल. पण ‘मैं और चार्ल्स’ (२०१५) पाहिल्यावर मनात राहते ती रणदीप हुडाची बोलण्याची ढब आणि रुबाब. मेलेल्या मुली आठवत नाहीत. चिन्मय मांडलेकरांनी ‘इन्स्पेक्टर झेंडे’मध्ये (२०२५) गोष्ट पोलिसाच्या बाजूने सांगितली, हे मला मोलाचे वाटते, मात्र विनोदाच्या ओघात मृतांचे दुःख तिथेही मागे पडते.

आम्हा लोणंदकरांना हा विषय परका नाही. शेजारच्या वाई तालुक्यात, धोमच्या फार्महाऊसवर २०१६ साली पुरलेले मृतदेह उकरून काढले गेले. आरोपी स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण आजारी माणूस डॉक्टरला पुरावा मागत नाही. त्याच घटनेवरून बेतलेली ‘देवमाणूस’ ही मालिका २०२० पासून घराघरांत पाहिली गेली. सुरुवातीला त्या डॉक्टरची भीती वाटे. पुढे पुढे तो आज कसा निसटणार, याचीच उत्सुकता वाटू लागली. लेखनाचा तोल इथेच गेला, असे माझे ठाम मत आहे. खऱ्या घटनेत ज्या बायका गेल्या, त्यांच्या मुलाबाळांनी ती उत्सुकता कशी सोसली असेल?

साताऱ्याच्या मातीतून आज अनेक लेखक, कलावंत, निर्माते पुढे येत आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गुन्हेगाराला बोलू द्या, पण त्याच्या प्रत्येक दाव्यापुढे गेलेल्या बाईच्या घरच्यांचे म्हणणे ठेवा, आणि ते त्याच्याइतक्याच ताकदीच्या नटांकडून वदवून घ्या.

— एक वाचक, लोणंद (जि. सातारा)