शिक्क्याला सीमा कसली?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. नकाशावर रेघ ओढणे सोपे; जमीनजुमला, वारसा आणि सोयरीक यांच्यामधून ती ओढता येत नाही. म्हणूनच आजही बेळगावात केलेले प्रतिज्ञापत्र चंदगडास न्यावे लागते आणि चंदगडचे बेळगावास. अशा वेळी कोणा कारकुनाने ‘हा नोटरी आमच्या राज्याचा नव्हे’ म्हणून कागद परत केला, तर त्याला आधार कोणता?

कायद्यात तो नाही. १९५२ चा नोटरी अधिनियम संसदेचा आहे. नेमणूक केंद्राची असो वा राज्याची, नोटरीने कोणत्या क्षेत्रात काम करावे एवढेच तीवरून ठरते. त्याने साक्षांकित केलेला कागद कोठवर चालावा, हे नव्हे. प्रतिज्ञापत्रासाठी शपथ देण्याचा अधिकार दिवाणी प्रक्रिया संहितेचे १३९ वे कलम नोटरीस देते, तेथेही राज्याची अट नाही. नोटरीसमोर होऊन त्याने प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र न्यायालयाने खरे गृहीत धरावे, हा १८७२ च्या पुरावा अधिनियमातील दंडक २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही कायम राखला आहे.

तथापि हक्क सांगणाऱ्याने त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीस हजर करावयाचा, तर १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या ३३ व्या कलमानुसार भारतात राहणाऱ्याचे मुखत्यारपत्र त्याच्या राहत्या जिल्ह्याच्या निबंधकासमोर वा तेथील दुय्यम निबंधकासमोरच व्हावे लागते. तसेच महाराष्ट्रातील मिळकतीचा दस्त परराज्यात झाला असेल, तर तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्काचा फरक भरला पाहिजे. या अटी कायद्याच्या आहेत. त्या पाळण्यात कमीपणा नाही.

शिक्क्याच्या खरेपणाविषयी शंका असेल, तर तिचेही निरसन कायद्यानेच सांगितले आहे. प्रत्येक सरकारने आपल्या नोटरींची यादी दरवर्षी जानेवारीत राजपत्रात प्रसिद्ध करावयाची असते. दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या याद्या सीमेवरील कचेऱ्यांत ठेवाव्यात आणि परराज्याचा शिक्का केवळ त्या कारणास्तव नाकारू नये, असे परिपत्रक काढावे. तोवर नागरिकांनीही मुकाट्याने माघारी फिरू नये. नकार लेखी मागावा, आणि त्यात कायद्याचे कलम लिहावयास सांगावे. जो नकार कागदावर उतरावयास धजत नाही, तो कायद्याचा नव्हे, एवढे ओळखावे.