हिरवळीआधीं माती

आमच्या पुण्यांत नवें घर उभें राहिलें कीं त्यापुढें हिरवळ हवी, अशी हौस पुष्कळांस असते. हौस वाईट नव्हे. मुलांस धांवण्या-पडण्यास मऊ भूमि हवीच. परंतु ती पुरविण्याची आमची रीत उलटी आहे. गवंडी निघून गेल्यावर राहिलेल्या विटांच्या तुकड्यांवर व मुरमावर चार बोटें माती पसरावयाची, वर विकतचे गवताचे गालिचे अंथरावयाचे, आणि मग तें गवत जगविण्यासाठीं रोज नळ सोडावयाचा! दोष गवताचा नसतो. त्यास मूळ धरण्यास जागाच दिलेली नसते.

हें पाणी येतें कोठून? मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर या धरणांतून. त्याच सांठ्यावर दौंड-इंदापूरकडील शेतेंही भिजतात. पावसाळा सरल्यावर पुढले सात-आठ महिने तोच सांठा सर्वांनीं वांटून घ्यावयाचा असतो. आतां हिशेब पाहा: १०० चौरस मीटर हिरवळीवर एका वेळीं ५ मिलिमीटर पाणी दिलें, तरी ५०० लिटर खर्चीं पडतें.

म्हणून माझें मत असें कीं, पाण्याची काटकसर नळापाशीं नव्हे, कुदळीपाशीं सुरू झाली पाहिजे. उन्हाळ्यांत जमीन वीतभर खणावी, विटांचे तुकडे व दगड वेंचून काढावे, ढेकळें फोडावीं, आणि चांगलें कुजलेलें शेणखत किंवा पाल्याचें खत मिसळावें. मुरमांतून पाणी झरझर निसटतें. काळी माती भिजली कीं चिकट होते, वाळली कीं भेगाळते. खतानें मुरूम पाणी धरूं लागतो व काळी माती भुसभुशीत होते. पहिल्या पावसानंतर उगवलेलें तण उपटून मग हरळी लावावी. मुळें खोल गेलीं म्हणजे रोजच्या शिडकाव्याची गरज राहत नाहीं. कांहीं दिवसांच्या अंतरानें एकदां भरपूर दिलेलें पाणी पुरतें.

खत विकतच आणावें असें नाहीं. अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ ते १९३१ या काळांत इंदुरास काडीकचरा व शेण कुजवून खत करण्याची पद्धत सिद्ध केली, आणि ती देशोदेशीं गेली. आम्ही मात्र झाडांखालचा पाला पेटवून देतों!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कोण करणार? ज्याच्यानें तो होत नसेल, त्यानें हिरवळीचा हट्ट सोडून सावलीचें एक झाड लावावें. विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत पाल्याचा एक खड्डा तुम्हीं भरावा. आणि वडील मंडळींनीं तो पेटूं देऊं नये.