सहीआधी मसुदा घरी मागवा

वडिलांचं दिवसकार्य उरकतं, पाहुणे परततात आणि दोन-चार महिन्यांनी भावाचा फोन येतो, ‘ताई, सातबाऱ्याला नावं लावायचीत, एकदा येऊन सही करून जा.’ ताई रजा टाकून गावी येते. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर कागद टाइप होऊन तयारच असतो. नंबर पुकारला जातो. कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा ठेवा, इथं सही, इथंही सही. ताईला वाटतं, वारसनोंद झाली. झालेलं असतं हक्कसोडपत्र.

या दोन कागदांतला फरक घरोघरी माहीत असायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं. वारसनोंदीसाठी बहिणीला काहीच सोडावं लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज दिला की फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला 15 दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आई, भाऊ, बहिणी अशी सगळ्यांची नावं लागतात. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे जावंच लागत नाही. तिथं बोलावणं आलं, तर मामला नुसत्या नावं लावण्याचा नाही, हे ओळखावं.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रानं 1994 साली आणि केंद्रानं 2005 साली हिंदू वारसा कायदा तसा दुरुस्त केला. हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. एवढा भक्कम हक्क एका सहीनं जातो, आणि तिच्या मुलांनाही त्या हिश्शावर मग बोट ठेवता येत नाही.

राजीखुशीनं हक्क सोडणाऱ्या बहिणी पुष्कळ आहेत. त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल मला आदरच आहे. पण काय सोडतोय, हे कळल्यावरच त्या सोडण्याला अर्थ.

म्हणून मसुद्यात सगळ्यात आधी मिळकतीचं वर्णन वाचा. गट नंबर, हेक्टर-आरमधलं क्षेत्र, चतुःसीमा. तिथं एकच गट लिहिलाय, की पुढं ‘व इतर सर्व स्थावर मिळकती’ असं शेपूट जोडलंय? जमीन सोडायला आलेल्या बाईचा गावठाणातल्या घरावरचा हक्कही त्या शेपटात जाऊ शकतो. मग हक्क कुणाच्या लाभात सोडलाय ते पाहा, सगळ्या भावंडांच्या की एकाच भावाच्या. आईचं नाव कुठं आहे? पैसे द्यायचं तोंडी ठरलं असेल आणि कागदात ‘विनामोबदला’ लिहिलं असेल, तर उद्या कागदच बोलेल. शेवटी ‘वाचून, समजून, कोणाच्याही दबावाशिवाय सही केली’ असं वाक्य असतं. नंतर ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणणाऱ्या बहिणीसमोर तेच उभं राहतं. नोंदणी झालेला दस्त तिला एकटीला रद्द करून घेता येत नाही. दिवाणी न्यायालयात जावं लागतं, त्यालाही मुदत असते, आणि गावातलं येणं-जाणं तुटतं ते वेगळंच.

भावांनो, तुमच्या मनात काळंबेरं नसेल, तर मसुदा आठ दिवस आधी बहिणीच्या मोबाइलवर पाठवा. तिला तिच्या ओळखीच्या वकिलाकडून तो वाचून घेऊ द्या. आणि तायांनो, मसुदा हातात आल्याशिवाय एसटीत बसू नका.