घरगुती यंत्रविचार : मोटारीचे श्वासद्वार

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावांतून मोसंबी बाजारी नेणारी जुनी पिकअप म्हणजे कुटुंबाची कामधेनूच होय. पेट्रोलवरील अशी गाडी उभी असता थरथरू लागली, अथवा वेग कमी करताच बंद पडू लागली, तर प्रथम थ्रॉटल बॉडी पाहावी. भरली गाडी हमरस्त्याच्या चौकात बंद पडणे हा जिवाशीच खेळ. इंजिनात जाणाऱ्या हवेचे हे द्वार. त्यातील झडपेच्या कडेस तेलाच्या वाफा व धूळ यांचे काळे कीट बसते आणि झडप मिटली असता जावयाची अल्प हवाही कोंडते.

इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडावी व हवेची नळी काढावी. कीट दिसल्यास, याच कामाकरिता मिळणारे द्रावण मऊ फडक्यावर घेऊन झडप व तिच्या कडा हलक्या हाताने पुसाव्या. सुरीने खरवडू नये. मूळ लेप जातो. विजेवर फिरणारी झडप बोटाने बळेच उघडू नये. आतील दंतचक्रे बिघडतात. द्रावण ज्वालाग्राही असल्याने विडीकाडी व मुले दूर असावीत.

जोडणीनंतर काही गाड्यांस झडपेची नवी स्थिती कारखान्यात शिकवून घ्यावी लागते. तरीही थरथर राहिल्यास नळीस चीर आहे काय, हे शोधावे. आणि धुळीच्या वाटेवरील गाडीची हवेची गाळणी वेळेवर बदलावी.